गेटवरचं ॲप, दवाखान्यातलं टोकन आणि मध्ये उभी असलेली माणसं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे आणि नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या कमिट्या, छोटे दवाखाने, क्लासवाले आणि ऐरोली-महापेच्या कंपन्यांत नुकते लागलेले डेव्हलपर मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. मी इंटरॅक्शन डिझायनर आहे. म्हणजे प्रणाली वापरणाऱ्या माणसाच्या शेजारी बसून त्याचं काय होतं ते बघते आणि मग कोड लिहिणाऱ्यांशी वाद घालते. एकच मुद्दा दोन ठिकाणी येतो तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. संगणक प्रणालीची "सामाजिक बाजू" म्हणजे काय? स्क्रीन छान दिसली, बटणं मोठी असली की झालं ना?

ठाणे स्टेशनवरची तिकिटाची एटीव्हीएम मशीन आठवा. प्रवाशाने स्वतः स्टेशन निवडावं, स्मार्ट कार्ड टेकवावं आणि तिकीट घ्यावं, अशी ती योजना. प्रत्यक्षात अनेक मशिनींपाशी रेल्वेनेच नेमलेला फॅसिलिटेटर उभा असतो, बरेचदा निवृत्त रेल्वे कर्मचारी, आणि त्याला विक्रीवर कमिशन मिळतं. आपण "दोन डोंबिवली रिटर्न" म्हणतो, सुटे पैसे देतो, त्याची बोटं सरसर फिरतात. स्वतः चालवायच्या मशिनीची परत खिडकी झाली.

स्क्रीन वाईट होती म्हणून हे घडलं असं मला वाटत नाही. गाडी दोन मिनिटांवर आहे, मागचा "ओ ताई, आटपा लवकर" म्हणतोय, चुकून दुसरं स्टेशन दाबलं तर पैसे गेले. अशा वेळी कोणी मेनू शिकत बसत नाही. रांग, घाई, मागच्याची नजर, चुकीची भरपाई कोण करणार, शेजारी मदतीला कोण आहे, हे सगळं धरून यंत्राचा विचार करणं म्हणजे सामाजिक बाजू.

२. हा विषय ॲप आल्यावर निघाला का?

कामाच्या जागी संगणक येण्याच्याही आधी निघाला, तोही ब्रिटनच्या कोळसा खाणींत. लंडनच्या टॅव्हिस्टॉक इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेचे एरिक ट्रिस्ट आणि केन बॅमफर्थ यांचा अभ्यास १९५१ साली प्रसिद्ध झाला. बॅमफर्थ स्वतः आधी खाणकामगार होते. पूर्वी खाणीत छोटी टोळी मिळून सगळं काम करायची, कोण कुठे अडलंय ते एकमेकांना कळायचं. नवी यंत्रं आली तेव्हा त्याच कामाचे तुकडे करून ते तीन पाळ्यांत वाटलं गेलं. एका पाळीने अर्धवट टाकलेलं दुसरीच्या डोक्यावर यायला लागलं. यंत्रं चांगली असूनही उत्पादन अपेक्षेइतकं वाढलं नाही, खाडे मात्र वाढले. यंत्र आणि माणसांची मांडणी एकदमच आखावी लागते, हा "सोशिओटेक्निकल" विचार तिथून पुढे आला. ठाण्यातल्या वागळे इस्टेटच्या कारखान्यांत पाळीत काम केलेल्या कोणालाही यात नवल वाटणार नाही.

पुढे १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला नॉर्वेत क्रिस्टन न्यूगार्ड यांनी लोखंड आणि धातू कामगारांच्या संघटनेबरोबर बसून, कारखान्यात येणाऱ्या संगणकाबद्दल कामगारांना बोलता यावं यासाठी काम केलं. हे न्यूगार्ड म्हणजे सिम्युला या प्रोग्रॅमिंग भाषेच्या दोन जनकांपैकी एक. म्हणजे "आम्ही टेक्निकल माणसं, आम्हाला यात काय कळणार" ही सबब तेव्हापासूनच चालत नाही.

३. आमच्या सोसायटीत गेटचं ॲप आणलं, ट्रेनिंग दिलं, तरी वॉचमन वहीतच लिहितो. आळशीपणा की मुद्दाम?

हा सर्वांत जास्त येणारा प्रश्न आहे, म्हणून उत्तर लांब आहे.

घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीने मला हेच विचारलं होतं. मी दोन संध्याकाळी त्यांच्या गेटच्या केबिनमध्ये प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले. सात ते नऊ डिलिव्हरीवाल्यांची झुंबड. प्रत्येकाचं नाव, मोबाइल, फ्लॅट नंबर टाकायचा, फोटो काढायचा, मग फ्लॅटमधून "मान्य" येईपर्यंत थांबायचं. फ्लॅटमधल्या बाई टीव्ही बघत असतात किंवा फोन चार्जिंगला असतो. पोरगा ओरडतो, त्याला पुढची ऑर्डर असते. मान्यता न घेता सोडलं तर सेक्रेटरी झापणार, अडवून ठेवलं तर जेवण गार झालं म्हणून मेंबर झापणार. वॉचमन काकांनी एका वाक्यात सांगितलं, "मॅडम, वहीत पोरगा स्वतः लिहितो. ॲपमध्ये मला लिहायला लागतं."

कमिटीच्या वर्षभराच्या मीटिंगांत हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. वहीत लिहिण्याचं काम पाहुण्यावर वाटलेलं होतं. ॲपने ते सगळं उचलून एका माणसाच्या अंगठ्यावर टाकलं. फायदा कोणाला? घरबसल्या नोटिफिकेशन बघणाऱ्या मेंबरला आणि महिन्याचा रिपोर्ट काढणाऱ्या कमिटीला.

जोनाथन ग्रुडिन या संशोधकांनी १९८८ मध्ये नेमकं हेच मांडलं होतं. गटाने वापरायच्या सॉफ्टवेअरमध्ये जादा काम एकाला करावं लागतं आणि लाभ दुसऱ्याला मिळतो, म्हणून ती सॉफ्टवेअरं पडतात. त्यांचं एक उदाहरण ऑफिसातल्या सामायिक कॅलेंडरचं होतं. साहेबांना मीटिंग लावणं सोपं व्हावं म्हणून बाकी सगळ्यांनी आपापलं वेळापत्रक भरत राहायचं. कोण भरणार?

त्या सोसायटीत शेवटी तीन गोष्टी बदलल्या. बाहेरून काही मागवलं की मेंबरनेच आधी नोंद करायची, वॉचमनने फक्त आलेला माणूस टिकमार्क करायचा. दोन मिनिटांत उत्तर आलं नाही तर पार्सल केबिनमधल्या रॅकवर ठेवायचं, आणि हा नियम कमिटीच्या सहीने नोटीस बोर्डावर लावायचा, म्हणजे झापाझापी थांबते. तिसरी गोष्ट वॉचमननेच मागितली. गाडी आडवी लावलेली असली तर नंबर टाकून मालकाचा फ्लॅट कळावा. आता ॲपमधून त्यांनाही काहीतरी मिळायला लागलं. वही अजून आहे. लाइट गेली की लागते. ती का ठेवावी ते प्रश्न १३ मध्ये.

४. लोकांना काय हवं ते विचारायचं कसं? ग्रुपवर गूगल फॉर्म टाकला तर?

टाका, पण त्यातून फॉर्म भरणाऱ्या माणसांची मतं कळतील. वॉचमन, मावशी, ऐंशी वर्षांचे आजोबा त्या ग्रुपवर नसतातच.

दुसरी अडचण आपल्या सभ्यतेची आहे. समोर कोणी लॅपटॉपवाली बाई येऊन "हे कसं वाटतं?" असं विचारते, तेव्हा आपण "छान आहे की" म्हणतो. पाहुण्यांच्या पोह्यात मीठ कमी पडलं तर सांगतो का? म्हणून मत विचारू नका, काम करायला सांगा आणि गप्प बसा. "मागच्या मंगळवारी केस पेपर काढायला आलात तेव्हा आधी कुठे गेलात?" असा घडलेल्या दिवसाबद्दलचा प्रश्न चांगला. "तुम्हाला हे फीचर आवडेल का?" हा वाया जाणारा प्रश्न.

लुसी सचमन या मानववंशशास्त्रज्ञ झेरॉक्स कंपनीच्या पार्क या संशोधन केंद्रात होत्या. १९८० च्या दशकात त्यांनी तिथल्या नव्या कॉपिअरवर काम करणाऱ्यांचं चित्रीकरण केलं. यंत्र "पुढचं पाऊल" सांगत राहायचं आणि माणूस भलत्याच पावलावर असायचा. गोंधळलेली माणसं अडाणी नव्हती, त्यांत संगणकशास्त्रातली मोठी माणसंही होती. नुसत्या प्रश्नावलीत हे कधीच सापडलं नसतं. आणखी एक. निरीक्षण करताना कमिटीच्या माणसाला सोबत नेऊ नका. सेक्रेटरी शेजारी उभे असले की वॉचमन अचानक सगळं ॲपवर करतो.

५. किती माणसांना बघितलं की पुरे?

वापरसुलभतेचे तज्ज्ञ याकोब नील्सन यांचा "पाच जणांना बघा" हा आकडा सगळे सांगतात, आणि पाच जणांत बहुतेक ठळक अडचणी दिसतात हे खरंच आहे. पण ते पाच एकाच प्रकारचे असावे लागतात. वॉचमनचे पाच वेगळे, भाडेकरूंचे पाच वेगळे.

६. आम्ही मराठी भाषांतर करून घेतलं, तरी लोक इंग्रजीच ठेवतात. मग मराठीचा खर्च कशाला?

आधी ते भाषांतर मोठ्याने वाचून बघा. "संकेतशब्द विसरलात?", "प्रस्तुत करा", "वापरकर्ता परिचय". ठाण्यातल्या कुठल्याही महा ई-सेवा केंद्राबाहेरच्या रांगेत उभं राहा, लोक "पासवर्ड", "सबमिट", "ओटीपी" म्हणतात. हे शब्द मराठी होऊन जमाना झाला. लोक मराठीला कंटाळलेले नाहीत, परीक्षेतल्या मराठीला कंटाळलेत.

मग व्याकरण. इंग्रजीतला "ओपन" आपल्याकडे "उघडा" होईल की "सुरू आहे", हे भाषांतर करणाऱ्याला सुटा शब्द दिला तर कळणार कसं? एका गेट ॲपवर "सुनीता आला आहे" असा मेसेज यायचा. नावाच्या पुढे क्रियापद जोडलं की लिंग लागतं, मान द्यायचा की एकेरी ते लागतं. "आले आहेत" केलं तरी मावशींना "आल्या आहेत" हवं. आम्ही क्रियापदच काढलं: "गेटवर: सुनीता". लहान आहे, पण रोज चाळीस वेळा दिसणारं वाक्य आहे ते. तसंच एकेरीचं. विशीतल्या मुलांसाठी लिहिलेलं "तुझं खातं तयार आहे!" हे पेन्शनर काकांच्या फोनवर गेलं की काका ॲप बंद करून मुलाला फोन लावतात.

फाँटही बघा. बऱ्याच फोनवर ल आणि श हिंदी वळणाचे दिसतात, ते एकवेळ चालेल. पण आचार्यांना आणि आचाऱ्यांना यांतला फरक गेला की अर्थच जातो. आणि ठाण्यात मराठी म्हणजे सगळं नाही. मुंब्र्यात उर्दू वाचणारी घरं आहेत, कोळीवाड्यांत आणि गावठाणांत आगरी-कोळी बोली आहे, गेटवरचा वॉचमन हिंदी भाषक असू शकतो. सगळ्या भाषा टाकता आल्या नाहीत तर निदान आवाजाची सोय द्या. भाजीवाल्याच्या गाडीवरचा यूपीआयचा साउंडबॉक्स का रुळला? हात ओले, फोन पिशवीत, गिऱ्हाईक समोर. पैसे आल्याचं दोघांनाही एकदमच ऐकू येतं आणि "दाखवा बरं मेसेज" ही अवघड मागणी करावी लागत नाही.

७. नावाचे तीन रकाने ठेवलेत: नाव, मधलं नाव, आडनाव. यात चुकण्यासारखं काय आहे?

महाराष्ट्रात हे तीन रकाने स्वाभाविक वाटतात, म्हणूनच धोका दिसत नाही. मधल्या रकान्यात लग्नाआधी वडिलांचं आणि लग्नानंतर नवऱ्याचं नाव, हे गृहीत धरलेलं असतं. घटस्फोटानंतर काय? लग्नानंतर नाव न बदललेलीचं काय? २०२४ मध्ये राज्य सरकारने शासकीय कागदपत्रांत आईचं नाव लावण्याचा निर्णय घेतला. म्हणजे आता चौथा घटक आला, आणि जुन्या फॉर्मांत त्याला जागा नाही. वाशी-नेरुळमधल्या कितीतरी तमिळ आणि मल्याळी घरांत आपल्या अर्थाने आडनाव नसतंच, आद्याक्षर असतं. ती माणसं "आडनाव आवश्यक" या तांबड्या ओळीपुढे टिंब टाकतात किंवा आपलंच नाव दोनदा लिहितात. पुढे हे टिंब कुठल्यातरी केवायसीत अडकतं आणि मग चूक त्यांची ठरते.

जमेल तिथे "पूर्ण नाव" असा एकच रकाना ठेवा. कागदपत्राशी जुळवायचं असेल तर "आधारवर जसं आहे तसं" असं स्पष्ट लिहा. हाक मारायचं नाव हवं असेल तर ते वेगळं विचारा.

८. नवी मुंबईत पत्ता सोपा आहे: नोड, सेक्टर, प्लॉट. सेक्टरचा ड्रॉपडाउन सक्तीचा ठेवला तर काय बिघडलं?

गावठाणं बिघडली. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना १९७० ची. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनीवर हे शहर आखलं गेलं. जमीन गेली तरी घणसोली, तळवली, दिवाळे, सारसोळे ही गावं तिथेच राहिली. आत शिरलं की पत्ता असा असतो: "मरीआईच्या देवळाच्या मागे, अमक्याच्या आळीत, पहिला माळा." प्लॉट नंबर नाही, आणि शेजारच्या सेक्टरचा नंबर टाकायचा की नाही यावर घरातच एकमत नसतं.

सेक्टर सक्तीचा केला की या शहराचे जे मूळ रहिवासी, तेच तुमच्या प्रणालीत "अवैध पत्ता" ठरतात. हा शब्द मी मुद्दाम वापरते आहे, कारण एका ॲपने स्क्रीनवर खरोखर हाच शब्द दाखवला होता. ज्या भागात बांधकाम नियमित की अनियमित हा वाद वर्षानुवर्षं चालू आहे, तिथे लोक "अवैध" वाचून काय समजतील? एका आजींनी मला विचारलं, "म्हणजे घर पाडायला येतील का?" त्या फक्त गॅस दुरुस्तीवाल्याला बोलवत होत्या.

उपाय सोपा होता. सेक्टर ऐच्छिक केला, "गाव / आळी / जवळची खूण" असा मोकळा रकाना दिला आणि "अवैध" काढून "पत्ता अजून थोडा सांगाल का?" असं केलं. त्यात कोड बदलायला अर्धा दिवस लागला, डेटाबेसवाल्यांना पटवायला तीन आठवडे. ड्रॉपडाउनमुळे रिपोर्ट नीट निघतो, हा त्यांचा मुद्दा खोटा नव्हता. पण पुन्हा तेच, रिपोर्ट कोणाचा आणि त्रास कोणाला (प्रश्न ३).

९. ज्येष्ठांसाठी अक्षरं मोठी केली. आणखी काय?

रंगांतला फरक बघा. करड्यावर फिकट करडं लिहिणं बंद करा. वेब सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांत साध्या मजकुराला किमान ४.५ : १ इतका कॉन्ट्रास्ट सांगितला आहे. पण ज्येष्ठांची खरी अडचण बहुतेक वेळा डोळ्यांची नसते, भीतीची असते. "काही दाबलं आणि पैसे गेले तर?" ही भीती रास्त आहे, फसवणुकीच्या बातम्या रोज येतात. म्हणून मागे येता येणं, "अजून पैसे कापलेले नाहीत" हे स्पष्ट सांगणं आणि ओटीपीला पुरेसा वेळ देणं याला मी अक्षरांच्या आकाराआधी ठेवते. चष्मा शोधेपर्यंत तीस सेकंद संपतात.

बोटांचे ठसेही म्हातारपणी आणि कष्टाच्या कामाने झिजतात. पेन्शनरांच्या हयातीच्या दाखल्यासाठी २०१४ मध्ये आलेल्या जीवन प्रमाण योजनेत आधी बोट किंवा बुबुळ लागायचं, पुढे २०२१ मध्ये चेहऱ्याने ओळख पटवण्याची सोय आली. एकच दार ठेवलं तर कोणीतरी बाहेर राहतंच. (प्रश्न १२ पाहा.)

१०. आईबाबांचं सगळं मुलगाच करतो. मग खरा "युजर" कोण?

दोघं, आणि हे प्रणालीला माहीत असायला हवं. नौपाड्यातल्या आई दवाखान्यात बसल्यात, मोबाइल नंबर मुलाचा, मुलगा ऐरोलीला मीटिंगमध्ये, ओटीपी त्याच्याकडे. कंपाउंडर म्हणतो ओटीपी सांगा. असं रोज होतं. आपण मात्र "एक माणूस, एक फोन, एक नंबर" धरून चालतो. प्रत्यक्षात घरात एक नंबर सगळ्यांचा असतो, फॉर्म सायबरवाला भरतो आणि पासवर्ड डायरीच्या शेवटच्या पानावर असतो.

हे रोखायला गेलात तर लोक लपून करतील. त्यापेक्षा "मी दुसऱ्याच्या वतीने भरतो आहे" असा पर्याय द्या. मदतनिसाला काय दिसेल आणि काय दिसणार नाही ते वेगळं ठेवा. मुलाने अपॉइंटमेंट घ्यावी, पण आईचा रिपोर्ट त्याला दिसावा का, हे आईने ठरवावं. सगळ्याच मुलांपासून काही लपवायचं नसतं, पण काही आयांना असतं.

११. गेट ॲपवर घरकाम करणाऱ्या ताईंची हजेरी आणि रेटिंग दिसतं. यात चूक काय? सगळ्यांनाच सोय आहे.

मी स्वतः हे रेटिंग काढून टाकायला सांगते. मेंबर ताईंना तारे देतो, ताई मेंबरला देऊ शकत नाहीत. पगार बुडवणाऱ्या घराला कुठेच एक तारा मिळत नाही. दोन तारे कशाबद्दल दिले ते ताईंना दिसतही नाही, आणि शंभर फ्लॅटांना दिसतात. पूर्वी एका घरी बिनसलं तर बाजूच्या इमारतीत काम मिळायचं, आता अख्ख्या कॉम्प्लेक्सची दारं एका खुणेने बंद होतात. हजेरीचंही तसंच. कळव्याहून येणाऱ्या ताईंची बस चुकली तर वेळ नोंदली जाते, मेंबरने जादा तासभर राबवून घेतलं तर तेही नोंदलं जातं, पण त्याचे पैसे कोणी मोजत नाही.

"पण त्यांनी संमती दिली आहे," असं कमिट्या सांगतात. फोटो आणि नंबर दिल्याशिवाय गेटमधून आत येता येत नसेल तर ती संमती कसली? ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमती मुक्तपणे दिलेली, विशिष्ट आणि माहितीपूर्ण असावी असं म्हटलं आहे. ती मागे घेणंही देण्याइतकंच सोपं हवं, आणि माहितीची सूचना घटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत मिळण्याचा पर्याय हवा. मराठी त्यात आहेच. कायद्याचा बारकावा वकिलाला विचारा. माझी कसोटी सोपी आहे. हीच नोंद तुमच्या ऑफिसच्या गेटवर तुमच्याबद्दल ठेवली आणि ती शंभर अनोळखी लोकांना दाखवली, तर चालेल का?

१२. डोळे मिचकावून व्हिडिओ केवायसी करायचं असतं. जे मिचकावू शकत नाहीत त्यांचं काय? एवढ्या थोड्या लोकांसाठी बदल करायचा का?

करायचाच आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या आणि दृष्टिहीन व्यक्तींच्या याचिकांवर निकाल देताना डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असं म्हटलं, आणि केवायसीत पर्यायी मार्ग ठेवण्याचे निर्देश दिले. शिवाय २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहेच. "थोडे लोक" याचा हिशेबही नीट करा. हात प्लास्टरमध्ये असलेला, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेला आणि कडेवर बाळ घेतलेली आई हे त्या आठवड्यापुरते त्याच रांगेत असतात.

१३. नवी प्रणाली आली की जुनी लगेच बंद करावी ना? नाहीतर लोक जुनीच वापरत राहतात.

लंडनच्या रुग्णवाहिका सेवेने २६ ऑक्टोबर १९९२ रोजी कुठल्या कॉलला कोणती गाडी पाठवायची ते ठरवणारी नवी संगणकीय प्रणाली एकदमच पूर्ण चालू केली. गाड्या कुठे आहेत याची माहिती अपुरी येत होती, कर्मचाऱ्यांना सराव नव्हता, नियंत्रण कक्षातली बसण्याची मांडणीही बदललेली होती. चुकीच्या नोंदींच्या याद्या पडद्यावर इतक्या साचल्या की महत्त्वाचा कॉल वर सरकून दिसेनासा व्हायचा. एकाच ठिकाणी दोन गाड्या जायच्या, दुसरीकडे एकही नाही. थोड्याच दिवसांत त्यांना परत हाताने काम करावं लागलं.

तुमचा दवाखाना तेवढा मोठा नाही, पण रीत तीच. ठाण्यातल्या एका दवाखान्यात सोमवारी सकाळी टोकन मशीन लावलं आणि कागदाच्या चिठ्ठ्या बंद केल्या. सोमवार म्हणजे सर्वांत गर्दीचा दिवस. कंपाउंडर पूर्वी तापाने फणफणलेल्या पोराला नजरेनेच पुढे घ्यायचा आणि रांगेतले त्याला मान द्यायचे. मशीनला ताप दिसत नाही. अकरा वाजता भांडण झालं, बारा वाजता चिठ्ठ्या परत आल्या. ते मशीन लावण्यात माझाही हात होता. "तातडी" हे बटण मी यादीत खाली ढकललं होतं.

दोन्ही पद्धती काही आठवडे शेजारी चालवा, बुधवारसारख्या हलक्या दिवशी सुरू करा, आणि कागद कायमचा हद्दपार करू नका. पावसाळ्यात नेट जातं तेव्हा वही लागते.

१४. सिस्टीम दाखवते तेच खरं मानायचं का? आमचा कॅशिअर म्हणतो सिस्टीम चुकतेय.

आधी कॅशिअरचं ऐका. ब्रिटनच्या पोस्ट ऑफिसने १९९९ पासून होरायझन ही हिशेबाची प्रणाली वापरात आणली. गावोगावच्या पोस्टमास्तरांच्या हिशेबात तूट दिसू लागली. "आम्ही पैसे घेतले नाहीत" असं ते सांगत राहिले, पण संगणकाच्या आकड्यावर विश्वास ठेवून ९०० हून अधिक जणांना दोषी ठरवलं गेलं. काही तुरुंगात गेले. प्रणालीत दोष होते हे उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये मान्य केलं, आणि २०२४ मध्ये संसदेला कायदा करून त्या शिक्षा रद्द कराव्या लागल्या. तोवर पंचवीस वर्षं गेली होती.

यात रचनेचा धडा कुठे आहे? प्रत्येकाला सांगितलं जायचं की ही तक्रार फक्त तुमचीच आहे. म्हणून तक्रारी एकमेकांना दिसतील अशी जागा ठेवा, नोंद कोणी आणि कधी बदलली ते दिसू द्या, आणि "सिस्टीमचा आकडा मला मान्य नाही" हे नोंदवण्याचं बटण कॅशिअरला द्या. सोसायटीच्या मेंटेनन्सच्या बिलातसुद्धा.

१५. आमच्या ॲपमध्ये बिल एकीकडे, तक्रार दुसरीकडे, लॉगिन दोनदा. असं का होतं?

बहुधा तुमच्याकडे दोन वेंडर आहेत आणि ते एकमेकांशी बोलत नाहीत. मेल्विन कॉनवे या संगणकतज्ज्ञांनी १९६८ मध्येच लिहिलं होतं की संस्थेत संवादाची जी रचना असते तीच तिच्या प्रणालीत उतरते. खजिनदार आणि सेक्रेटरी बोलत नसतील तर ॲप नवं घेऊन काही होणार नाही.

१६. दवाखान्यातल्या सगळ्या नर्स एकाच पासवर्डने लॉगिन करतात. शिस्तभंग म्हणून कारवाई करावी का?

आधी लॉगिन करायला किती वेळ लागतो ते मोजा. एका ठिकाणी लॉगिनला मिनिटभर लागायचं आणि पाच मिनिटांत आपोआप लॉगआउट व्हायचं. पाळीत तीस वेळा कॉम्प्युटरपाशी यावं लागत असेल तर अर्धा तास नुसता पासवर्डात जातो. पेशंट समोर कण्हत असताना सिस्टर शेजारणीच्या लॉगिनवर नोंद करते. हे नियमाविरुद्ध आहेच, आणि धोकाही खरा आहे, कारण उद्या डोस चुकला तर भलत्याच सिस्टरच्या नावावर येईल. म्हणून "चालू द्या" असं मी म्हणत नाही. कार्ड टेकवून दोन सेकंदांत आत जाता येईल अशी सोय करा, मग नियम लावा. उलट क्रमाने केलंत तर पासवर्डची चिठ्ठी मॉनिटरवरून ड्रॉवरमध्ये जाईल, एवढंच.

याला एक अपवाद. पगार, औषधाचा साठा किंवा पैसे यांचा पासवर्ड वाटला जात असेल, तर सोयीचं कारण ऐकून घ्या, पण तो त्याच दिवशी बंद करा.

१७. प्रणाली बनवूच नये असं कधी असतं का? तुम्ही कोणाला नकार दिलाय?

दिलाय. कोपरखैरण्याच्या एका सोसायटीला टँकर कधी येणार ते कळवणारं ॲप हवं होतं. बजेट तयार होतं, लोगोही. मी टँकरवाल्या दादांशी बोलले. ते निघताना वॉचमनला फोन करतातच, वॉचमनला वेळ माहीत असते, फक्त वरच्या मजल्यांपर्यंत ती पोहोचत नाही. जिन्याखाली जुना फळा पडला होता. तो लिफ्टशेजारी लावला, खडू दिला, आणि वॉचमनने त्याचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकायचा असं ठरलं. माझी फी दोन चहा. कमिटीला ते जरा कमीपणाचं वाटलं, शेजारच्या सोसायटीकडे ॲप होतं ना. पुढच्या वर्षी त्यांनी दुसऱ्या कोणाकडून ॲप करून घेतलं. फळा अजून लिफ्टशेजारीच आहे, आणि मागच्या आठवड्यात गेले होते तेव्हा त्यावर त्याच दिवसाची वेळ लिहिलेली होती.